वच्छी हजर

"कट्" असा आवाज झाला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

आवाज केवढा, तर भातात दाताखाली खडा यावा एवढा. पण मायक्रोस्कोपखाली काच फुटल्याचा आवाज एकदा ऐकला की माणूस तो जन्मात विसरत नाही. मी बटणावर बोट ठेवून थिजलेच. मोटार मात्र थांबायला तयार नव्हती. स्टेज, म्हणजे ज्याच्यावर स्लाइड ठेवतात ती पट्टी, घर्र घर्र करत वरच चढत होती, सरळ भिंगाच्या तोंडात.

"अगं बाई! बंद कर की!" म्हणत शालनताई धावल्या आणि भिंतीवरचं बटण त्यांनीच खटकन बंद केलं.

शनिवारची सकाळ. सव्वाआठ वाजलेले. अकरा वाजता ट्रस्टचे तपासनीस डॉक्टर देशिंगकर येणार होते, आणि मी दोन वर्षं जीव ओतून बनवलेलं यंत्र पहिल्याच फटक्यात स्वतःचंच डोकं फोडून मोकळं झालं होतं.

त्याला आता अकरा वर्षं झाली. गडहिंग्लजच्या बाजूला एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी उपकरणं दुरुस्त करायला होते. वय सव्वीस, डोकं गरम, आणि आपल्याला सगळं येतं असा ठाम समज. शालनताई चौगुले तिथल्या लॅबमध्ये एकोणतीस वर्षं क्षयाच्या स्लाइडी बघत होत्या. बेडक्याचा नमुना काचेवर पसरायचा, रंग द्यायचा, आणि मग निळ्या रंगात कुठे एखादी लाल काडी दिसते का, ते मायक्रोस्कोपला डोळा लावून शोधत बसायचं. एका स्लाइडवर शंभर ठिकाणी बघायचं, तेव्हा कुठे रिपोर्ट. पंचक्रोशीतल्या किती माणसांचा खोकला त्या बाईने ओळखला असेल, त्याची गणती नाही.

आणि नेमका त्यांच्याच उजव्या डोळ्याच्या मधोमध काळा डाग आला. डावा आधीपासूनच अधू. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं, मायक्रोस्कोप बंद. ट्रस्टने ठरवलं की स्लाइडी कोल्हापूरला पाठवायच्या, आठ दिवसांनी रिपोर्ट येईल तेव्हा येईल, आणि शालनताईंनी केसपेपरच्या खिडकीवर बसायचं.

"खिडकीवर?" त्या दिवशी त्या मला म्हणाल्या होत्या. "नाव काय, गाव काय, पुढं व्हा, एवढंच? त्यापेक्षा घरी बसवा की मला."

मोठ्या पडद्यावर मात्र त्यांना स्वच्छ दिसायचं. म्हणून ट्रस्टकडून मुदत मागून घेतली आणि मी हा उद्योग आरंभला; तोवर शालनताई लॅबमध्येच स्लाइडी रंगवून द्यायच्या. दवाखान्यातलाच एक जुना मायक्रोस्कोप घेतला. डोळा लावायच्या जागी कॅमेरा बसवला. मोडक्या प्रिंटरमधल्या मोटारी काढून स्टेजला जोडल्या, एक मोटार फोकसच्या चाकाला, खाली एलईडीचा दिवा. या सगळ्यांना हुकूम सोडायला तीन डबे केले: एक स्टेज हलवणारा, एक फोकस वरखाली करणारा, एक दिव्याचा. तिन्ही डबे एकाच दुकानातून आणलेले, एकसारखे पांढरे, आतलं सर्किटही एकसारखं. तिघांच्या तीन वायरी कॉम्प्युटरच्या पाठीमागे. बटण दाबलं की यंत्राने आपणहून शंभर ठिकाणी जायचं, फोकस करायचा, फोटो काढायचा. शालनताईंनी खुर्चीत बसून पडद्यावर बघायचं. आज देशिंगकरांच्या दहा स्लाइडी बरोबर वाचल्या तर स्लाइडी इथेच राहणार आणि शालनताईही. नाही तर सोमवारपासून खिडकी.

आणि बुधवारी संध्याकाळी मी दसऱ्याला घरी गेले तेव्हा हे यंत्र घड्याळासारखं चालत होतं!

"बुधवारी चालत होतं," मी ओरडलेच. "दोन दिवसांत झालं काय याला?"

मग माझं जरा इकडेतिकडे लक्ष गेलं. मायक्रोस्कोपच्या मानेवर झेंडूचं फूल. कॅमेऱ्याला हळदकुंकवाची बोटं. तिन्ही डब्यांवर एकेक टिळा. आणि खाली कोरं करकरीत पांढरं कापड, बुधवारी नसलेलं.

"शालनताई, हे कापड कधी घातलंत?"

"गुरुवारी. खंडेनवमीला." त्या कौतुकाने म्हणाल्या. "दरवर्षी करते मी. सगळं उचललं, पुसलं, खाली नवं कापड घातलं, पूजा केली. तुझ्या यंत्राची पहिलीच खंडेनवमी न्हवं का?"

"आणि वायरी?"

"काढल्या. त्याशिवाय उचलणार कसं? परत लावल्या की जशाच्या तशा."

मी वाकून कॉम्प्युटरच्या मागे बघितलं. तीन भोकं, तीन वायरी, सगळ्या नीट बसलेल्या. फक्त पहिली दुसऱ्यात आणि दुसरी पहिल्यात. माझ्या प्रोग्रॅमला एवढंच ठाऊक होतं की डावीकडचं भोक म्हणजे स्टेज, मधलं म्हणजे फोकस. त्याने बिचाऱ्याने स्टेजला हुकूम सोडला, "जा लांब कोपऱ्यात." तो हुकूम गेला फोकसच्या डब्याला. तो हुकमाचा ताबेदार, गेला लांब. वरच्या वर, भिंगाच्या तोंडात!

माझं डोकंच फिरलं.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला? दोन वर्षं मी मरमर मरतेय, कुणासाठी? तुमच्यासाठीच ना? डोळ्यांनी दिसत नाही तर हात कशाला लावायचा मग?"

बोलले आणि ऐकू आलं मला. असं कसं बोलले मी? जीभ झडली असती तर बरं झालं असतं. पण तोंडातून गेलेलं परत थोडंच घेता येतं, आणि 'चुकलं' म्हणायला लागतो तो मोठेपणा सव्वीस वर्षांच्या माझ्याकडे नव्हता.

शालनताईंनी फुटलेल्या काचेचे तुकडे चिमट्याने टिपून कचऱ्याच्या डब्यात टाकले. भिंग फिरवून काढलं. मऊ कागदाने पुसलं, बोटाच्या टोकाने त्याचं नाक हळूच दाबलं. ते आत गेलं आणि परत बाहेर आलं.

"स्प्रिंग आहे याच्या नाकाला," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "म्हणून वाचलंय. फुटली ती सरावाची स्लाइड होती, काळजी करू नकोस."

दोन वायरींची अदलाबदल करायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. नवी स्लाइड, भिंगाखाली तेलाचा थेंब, बटण. यंत्र सुरळीत चालू लागलं. टक् टक् टक्, एकेक फोटो पडद्यावर यायला लागला. पावणेनऊ. मी सुस्कारा सोडला आणि कागदाच्या तीन चिठ्ठ्या फाडल्या.

"काय करतीस?"

"भोकांवर चिकटवते. स्टेज, फोकस, दिवा. आणि याला कुणीही हात लावायचा नाही."

"मी नाही लावणार," शालनताई म्हणाल्या. "पण मी काय जन्मभर राहणार आहे का इथं? पुसणारी बाई लावेल. रंगकाम निघालं की रंगारी लावेल. पुढच्या वर्षी परत खंडेनवमी येईलच. त्या दिवशी कुणी ना कुणी हे उचलणार बघ. यंत्र म्हटल्यावर त्याची पूजा करणार नाहीत होय माणसं?"

मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी ट्रेमधली एक स्लाइड उचलून माझ्या हातात दिली.

"याच्यावर काय आहे?"

काचेच्या कडेला बारीक आकडे कोरलेले होते. हिऱ्याच्या पेन्सिलीने त्या प्रत्येक स्लाइडवर नंबर कोरायच्या, ते मी रोज बघत होते. कधी का म्हणून विचारलं नव्हतं.

"मी नवीन होते तेव्हा आपण असं करत नव्हतो," शालनताई सांगायला लागल्या. "ट्रेमध्ये ओळीनं ठेवायचो. पहिल्या खणातली पहिल्या पेशंटची, दुसऱ्यातली दुसऱ्याची. एक दिवस माझ्या हातनं ट्रे सांडला. मी उचलून लावला परत, जसाच्या तसा." त्यांनी काचेवरच्या आकड्यांवर बोट टेकवलं. "एक धडधाकट मास्तर सहा महिने गोळ्या खात बसला. आणि ज्या बाईला रोग होता, ती काही नाही म्हणून रिपोर्ट घेऊन घरी गेली. परत आली ती उचलूनच आणली तिला."

मी हातातली स्लाइड उजेडात धरून ते आकडे वाचले.

"तेव्हापासनं मी कानाला खडा लावला. जागेवरनं कुणाला ओळखायचं नाही. जागा बदलते. ज्याचं नाव त्याच्या अंगावर पाहिजे. मग ट्रे सांडू दे, नाही तर दवाखाना उलटा होऊ दे."

मी स्लाइडकडे बघितलं, मग डब्यांकडे. तिन्ही डबे कपाळाला टिळा लावून आज्ञाधारक पोरांसारखे बसले होते आणि एकाच्याही अंगावर नाव नव्हतं. इंजिनिअरिंगची पदवी माझ्याकडे, आणि माझी चूक मला उलगडून सांगत होती ती स्लाइडीवाली बाई. ज्या यंत्राला वर्षाकाठचा एक दसरा सोसत नाही, ते यंत्र या मुलखात चालायचं कसं? वायरी त्यांनी अदलाबदल केल्या हे खरं, पण घोळ मीच घालून ठेवला होता.

डब्याच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये नाव घालता येतं. कॉम्प्युटरने आधी विचारायचं, "कोण?" डब्याने नाव सांगायचं. मग कुठल्या का भोकात असेना, ज्याचा हुकूम त्यालाच जाणार. मला हे ठाऊक होतं. केलं नव्हतं ते निव्वळ आळसापायी.

"शालनताई, वायरी काढा," मी म्हणाले.

"काय?"

"सगळ्या काढा. नावं घालायचीत."

नेमके तेव्हाच आमचे डॉक्टर कुरणे दारात आले. दवाखान्याचे प्रमुख, भला माणूस, पण जात्याच घाबरट. त्यांनी पडद्यावर चाललेले फोटो बघितले, चेहरा फुलला, आणि दुसऱ्याच क्षणी शालनताईंच्या हातात वायर बघून पडला.

"चालतंय ना? मग कशाला हात लावताय? विभा, दोन तास राहिलेत!"

"सर, चालतंय, पण टिकणारं नाही."

"अहो, आजच्यापुरतं टिकू दे! उद्याचं उद्या बघू!"

त्यांचं म्हणणं शहाणपणाचंच होतं. चिठ्ठ्या चिकटवल्या असत्या, परीक्षा पार पडली असती. पण मग उद्या म्हणजे कधी? मी शालनताईंकडे बघितलं. त्यांनी डॉक्टरांना हाताने हळूच बाहेर वळवलं.

"सर, तुम्ही चहा घ्या जावा. ही काय ऐकणाऱ्यातली नाही. आणि खिडकीवर गेले तर मी जाणार आहे, तुम्ही नाही."

दार लावून त्यांनी स्टूल ओढलं आणि दाराला पाठ टेकवून बसल्या.

मी पहिला डबा उघडला. "स्टेजला काय नाव देऊ?"

"हे सारखं इकडंतिकडं फिरणारं ना? भामा ठेव. माझी धाकटी जाऊ. घरात म्हणून पाय ठरत नाही तिचा."

"आणि फोकस?"

"वरखाली करणारं? वच्छी!" त्या फिस्सकन हसल्या. "माझी नणंद. घटकेत वर, घटकेत खाली. कधी डोक्यावर बसेल, सांगता यायचं नाही. आज सकाळी बसलीच की."

सकाळपासून पहिल्यांदा मला हसू आलं. दिव्याचं नाव उजू ठेवलं. ती शालनताईंची लहानपणची मैत्रीण, हसली की उजेड पडायचा म्हणे.

एकेका डब्यात नाव चढवत गेले. साडेनऊ. दहा. मग कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमला विचारायला शिकवलं. सव्वादहाला तिन्ही वायरी लावून बटण दाबलं.

काहीच नाही. भामा गप्प, वच्छी गप्प, उजू गप्प.

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. मघाशी चालणारं यंत्र मी माझ्या हातांनी मुकं करून ठेवलं होतं. साडेदहा झाले. मी एकेक ओळ तपासत होते, नावं बरोबर, प्रश्न बरोबर. मग उत्तर का येत नाही?

"काय होतंय गं?" शालनताईंनी विचारलं.

"विचारतेय आणि बोलतच नाहीत! डब्याशी बोलायला सुरुवात केली की तो एकदा बंद होऊन नव्याने सुरू होतो, तसाच बनवलाय तो. मग मी नाव विचारते, तर..."

"किती वेळानं विचारतीस?"

"लगेच."

"अगं मग!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "झोपेतनं उठवलंस आणि उठल्या उठल्या नाव विचारतीस होय? जरा डोळे चोळू दे की त्यांना!"

मी तशीच कीबोर्डकडे वळले. मग प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली: दोन सेकंद थांब. बटण दाबलं.

पडद्यावर, शालनताईंना दिसावीत म्हणून केलेल्या ठळक मराठी अक्षरांत, एकेक ओळ उमटली. भामा हजर. वच्छी हजर. उजू हजर.

शालनताईंनी स्टुलावरूनच हात जोडले. मी आनंदाने किंचाळले, तशी बाहेरून डॉक्टर कुरण्यांचा आवाज आला, "काय फुटलं? आता काय फुटलं?" शालनताई त्यांना समजावायला बाहेर गेल्या. अकराला दहा कमी होते. त्या बाहेर होत्या तेवढ्या वेळात मी प्रोग्रॅममध्ये आणखी एक ओळ लिहिली आणि तो बंद केला.

डॉक्टर देशिंगकर अकराच्या ठोक्याला आले. उंच, सडसडीत, हातात दहा स्लाइडींची लाकडी पेटी. त्यांनी यंत्राभोवती एक फेरी मारली, झेंडूकडे बघितलं, मला चार प्रश्न विचारले.

"छान आहे," ते म्हणाले. "सगळीच छान असतात, करणारा माणूस शेजारी उभा असेपर्यंत. मी दहा दवाखान्यांत अशी यंत्रं कापडाखाली झाकलेली बघितलीत. तुम्ही जरा दाराशी उभ्या राहता?"

मी दाराशी गेले. आणि त्यांनी काय करावं? कॉम्प्युटरच्या मागे हात घालून तिन्ही वायरी उपसल्या आणि टेबलावर टाकल्या.

"शालनबाई, तुम्ही लावा. तुम्हालाच चालवायचंय ना?"

डॉक्टर कुरण्यांनी डोळेच मिटून घेतले. शालनताई मागे वाकल्या. तिथे अंधार, आणि त्यांचा डोळा तसला. चाचपत, हाताला लागेल ती वायर मिळेल त्या भोकात घातली. सरळ झाल्या, खुर्चीत बसल्या, आणि माझ्याकडे न बघता बटण दाबलं.

भामा हजर.

वच्छी हजर.

उजू हजर.

आणि चौथी ओळ आली. शालन, एवढंच. पुढे एक चौकोन उघडझाप करत राहिला. यंत्र हलेना.

"डबे तर तीनच आहेत," देशिंगकर पुढे झुकले. "हे चौथं कोण? आणि पुढे का जात नाही?"

शालनताईंनी मान वळवून दाराकडे बघितलं. सकाळी जे तोंडाने म्हणता आलं नव्हतं, ते मी त्या ओळीत लिहून ठेवलं होतं. मी नुसती मान हलवली, हो म्हणून.

"मी," शालनताई म्हणाल्या. त्या खुर्चीत ताठ बसल्या. "चौथी मी आहे साहेब. मी असल्याबिगर हे चालत नाही."

त्यांनी बटणावर पुन्हा बोट टेकलं. शालन हजर. आणि स्टेज सरकली, अगदी अलगद, जिकडे जायचं तिकडेच.

पुढचे अडीच तास त्या बाईचं राज्य होतं. पडद्यावर एकेक फोटो येई, त्या खुर्चीत रेलून बघत, "काही नाही, काही नाही, हां, ही बघा काडी, दोन, तीन." सात स्लाइडी झरझर झाल्या. आठवीला शंभर फोटो संपले आणि देशिंगकर म्हणाले, "काही नाही ना?"

"थांबा. एकसष्टावर परत ने," त्या यंत्रालाच म्हणाल्या आणि आकडा दाबला. भामा निघाली, एकसष्टाव्या जागी जाऊन थांबली. वच्छीने केसभर वर, केसभर खाली करत फोकस धरला. कोपऱ्यात एक फिकट लाल काडी. "ही. आणि शेजारी अर्धी दिसतेय ती दुसरी. थोड्या आहेत, पण आहेत."

देशिंगकरांनी खिशातली यादी काढली, बघितली, आणि घडी घालून परत ठेवली. दहावी संपल्यावर मात्र त्यांनी ती यादी शालनताईंच्या पुढ्यात ठेवली. दहाच्या दहा.

"आठवी मी मुद्दाम आणली होती," ते म्हणाले. "चांगल्या डोळ्यांच्या लोकांकडून सुटलेली आहे ती." मग डॉक्टर कुरण्यांकडे वळून म्हणाले, "कोल्हापूरला काही पाठवायचं नाही. बाई इथेच बसतील. आणि असं अजून एक यंत्र मला करून हवंय."

डॉक्टर कुरण्यांनी टाळ्याच वाजवल्या! एकट्यानेच, वेड्यासारख्या. मग मीही वाजवल्या. बाहेर ओपीडीतली माणसं काय झालं म्हणून डोकावायला लागली.

सगळे गेल्यावर मी शालनताईंजवळ गेले. "ताई, सकाळी मी जे बोलले..."

"कधी?" त्या भिंग पुसत होत्या. "मला आता डोळ्यांनी कमी दिसतं, कानांनीही तसंच म्हण." आणि त्यांनी माझा गालगुच्चा घेतला, चांगला जोरात. दुखला. दुखायलाच हवा होता. मी तिथेच त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडून घेतलं.

पुढच्या खंडेनवमीला मी घरी गेले नाही. सकाळी लॅबमध्ये पोचले तर शालनताई नवं कापड घेऊन उभ्याच होत्या. मी माझ्या हाताने तिन्ही वायरी उपसून त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी सगळं पुसलं, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. मग वायरी लावायला मागे वाकल्या, मुद्दाम माझ्याकडे बघत, मुद्दाम उलट्यासुलट्या. आणि बटण दाबलं.

भामा हजर. वच्छी हजर. उजू हजर. मग चौकोन उघडझाप करत थांबला.

"कोण राहिलं गं?" शालनताईंनी मला विचारलं, आणि शाळेतल्या पोरीसारखा हात वर करून स्वतःच ओरडल्या, "हजर!"